जुन्या शेती ट्रॅक्टरांवरील बॅटरी-भारण व विद्युत-व्यवस्था : एक विवेचन

गोषवारा : डायनामो बसविलेल्या जुन्या ट्रॅक्टरांवर बॅटरी वारंवार उतरण्याचे खापर बहुधा बॅटरीवरच फोडले जाते. प्रस्तुत लेखात डायनामो, कटआउट, नियामक व बॅटरी यांचे परस्परसंबंध स्पष्ट केले असून, महाराष्ट्रातील ऊस वाहतुकीच्या संदर्भात या व्यवस्थेच्या मर्यादा कोठे उघड्या पडतात याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : डायनामो, कटआउट, विद्युतदाब-नियामक, शिसे-आम्ल बॅटरी, ऊस वाहतूक.

प्रस्तावना

चिंचपोकळी येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर व्होल्टास हाउस ही वास्तू आहे. व्होल्टास हे नाव आज वातानुकूलन यंत्रांशी जोडले जाते. परंतु टाटा व व्होल्कार्ट ब्रदर्स यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा महाराष्ट्राच्या शेतीशीही जवळचा संबंध आला. १९६३ मध्ये महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांच्या भागीदारीतून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली. पुढे १९७७ मध्ये ती महिंद्र कंपनीत विलीन झाली. गिरण्यांच्या मुंबईत, कांदिवलीच्या कारखान्यात घडलेला बी-२७५ हा सुमारे पस्तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर या भागीदारीचे सर्वपरिचित अपत्य होय. त्याची मूळ रचना इंग्लंडात तयार झालेली होती आणि '२७५' हा आकडा महिंद्रच्या ट्रॅक्टरांच्या नावांत नंतरही टिकून राहिला.

त्या पिढीचे ट्रॅक्टर यंत्र म्हणून अत्यंत चिवट ठरले. इंजिन दोनदोनदा उघडून पुन्हा उभे केलेले, रंग उडालेले, परंतु ओढीला न हटणारे असे जुने ट्रॅक्टर राज्याच्या ग्रामीण भागात अद्यापही दृष्टीस पडतात. त्यांची दुखरी बाजू एकच, ती म्हणजे वीज. ट्रॅक्टर उतारावर उभा करण्याची आणि सकाळी चार माणसांनी तो ढकलून सुरू करण्याची सवय इतकी रुळलेली आहे की तो दोष आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. असे घडण्याचे कारण डिझेल इंजिनाच्या स्वभावात आहे. पेट्रोल इंजिनाला प्रत्येक ठिणगीसाठी वीज लागते. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन मात्र एकदा सुरू झाले की विजेवाचून दिवसभर चालते. त्यामुळे विद्युत-व्यवस्था निकामी झाली तरी नांगरट थांबत नाही आणि दुरुस्ती पुढे ढकलली जाते. तिची खरी किंमत मोजावी लागते ती रात्री, रस्त्यावर.

डायनामोची घडण आणि तिची मर्यादा

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा डायनामो एकदिश विद्युतधारा निर्माण करतो. त्याच्या लोखंडी कवचाला आतून जखडलेली फील्ड-कॉइल चुंबकीय क्षेत्र उभे करते आणि त्या क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये वीज उत्पन्न होते. ती कम्युटेटर व कार्बन ब्रश यांच्या मार्गे बाहेर येते. फील्ड-कॉइलला लागणारी वीज डायनामो स्वतःच पुरवितो. मग आरंभी क्षेत्र येते कोठून? लोखंडात मागील वापरापासून शिल्लक राहिलेल्या अवशिष्ट चुंबकत्वातून. या अल्पशा शिलकीवर पहिला अर्धा-एक व्होल्ट निर्माण होतो, त्यातून क्षेत्र वाढते, क्षेत्रामुळे दाब वाढतो आणि क्षणार्धात डायनामो जागा होतो. दीर्घकाळ पडून राहिलेल्या किंवा दुरुस्तीत उघडलेल्या डायनामोत ही शिल्लक नष्ट झालेली असू शकते. असा डायनामो यांत्रिकदृष्ट्या निर्दोष असूनही 'मेलेला' ठरविला जातो.

येथे उत्पादनाची संपूर्ण धारा फिरणाऱ्या भागातून, म्हणजे आर्मेचरमधून, बाहेर काढावी लागते. तांब्याची जड वेटोळी आणि कम्युटेटरच्या पट्ट्या अतिवेगाने फिरविल्यास उधळण्याचा धोका असतो. म्हणून डायनामोची पुली मोठी ठेवून त्याचा वेग मर्यादित राखतात. ब्रिटिश घडणीच्या वाहनांवर व ट्रॅक्टरांवर सर्रास आढळणाऱ्या ल्युकास सी-४० या डायनामोचे उदाहरण घेतल्यास, मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांच्या आत तो बॅटरीला काहीच देत नाही आणि २२ अँपिअरची पूर्ण धारा मिळण्यासाठी २००० च्या वर फेरे लागतात. इंजिन मंद गतीने ६०० फेऱ्यांवर चालत असेल आणि पुलीचे प्रमाण दीडपट असेल, तर डायनामो ९०० वरच राहतो. तात्पर्य, इंजिन चालू आहे म्हणजे बॅटरी भरते आहे, हा समज डायनामोच्या बाबतीत खरा नाही.

कटआउट आणि नियामक

ग्रामीण बोलीत ज्या काळ्या पेटीला सरसकट 'कटआउट' म्हणतात तिच्यात वस्तुतः दोन वेगळी उपकरणे असतात. पहिले खरोखरचे कटआउट. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वर गेला, म्हणजे साधारण १३ व्होल्टांच्या आसपास पोचला, की त्याचे स्पर्शबिंदू मिटतात आणि धारा बॅटरीकडे वाहू लागते. दाब उतरल्यावर बॅटरीकडून डायनामोकडे धारा उलटी वाहू लागते व त्या उलट्या धारेनेच ते पुन्हा उघडतात. ते उघडले नाही तर बॅटरी डायनामोला मोटरप्रमाणे फिरवू पाहते, इंजिनाशी पट्ट्याने बांधलेला डायनामो फिरू शकत नाही आणि रात्रभरात बॅटरी रिकामी व आर्मेचर जळालेले अशी दुहेरी हानी होते. सकाळी इंजिन बंद असताना डायनामोला हात लावून तो कोमट लागल्यास हाच दोष समजावा.

दुसरे उपकरण नियामक होय. डायनामोचा दाब ठरीव मर्यादेवर गेला की त्याचे स्पर्शबिंदू उघडून फील्डच्या मंडलात एक रोधक घालतात. क्षेत्र क्षीण होते, दाब उतरतो, बिंदू पुन्हा मिटतात. ही उघडझाप सेकंदाला अनेक वेळा चालते. बॅटरीचा संबंध तोडून मोजल्यास या जातीच्या नियामकाची मांडणी सुमारे १६ व्होल्टांवर केलेली आढळते. हा आकडा पाहून अनेक कारागीर घाबरतात व स्प्रिंग सैल करतात. परंतु नियामकावर धारेचेही एक वेटोळे असते. धारा वाहू लागली की ते दाब आपोआप खाली आणते, म्हणजे भार जोडलेला असताना दाब १६ वर राहत नाही. स्प्रिंग सैल केल्याने बॅटरी कायमची अर्धपोटी राहते.

या पेटीचे अर्थिंग हा दुर्लक्षित विषय आहे. दोन्ही उपकरणांची दाब-वेटोळी ट्रॅक्टरच्या सांगाड्यामार्फत आपले मंडल पूर्ण करतात. नवा रंग देताना बोल्टाखाली रंगाचा थर राहिला, किंवा अर्थिंगची वायर गंजून तुटली, तर कटआउट मिटत नाही आणि नियामकही उघडत नाही. परिणामी बॅटरीला काहीच मिळत नाही, आणि तिकडे डायनामो कोणत्याही लगामाशिवाय स्वतःच तापत राहतो. डायनामो दुरुस्त करून बसविला, पुन्हा जळाला, अशा तक्रारीमागे अनेकदा एवढी एक वायर असते.

गाळप हंगामातील विजेचा हिशेब

इंजिन सुरू करण्यात बॅटरीची फार मोठी शक्ती खर्च होते, हा सार्वत्रिक समज तपासून पाहण्याजोगा आहे. सेल्फ ३०० अँपिअर धारा ओढतो असे मानू. पाच सेकंदांत इंजिन सुरू झाले तर खर्च झाला १५०० अँपिअर-सेकंद, म्हणजे अर्ध्या अँपिअर-तासाहूनही कमी. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा खर्च नगण्य असून, डायनामो ८ अँपिअरने भरत असल्यास तीन-चार मिनिटांत तो भरून निघतो. बॅटरी रिकामी करतो तो सेल्फचा मोठा क्षणिक उपसा नव्हे, तर तासन्‌तास चालणारा लहान उपसा होय.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात थंडीच्या महिन्यांत साखर कारखान्यांचा गाळप हंगाम चालतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडून रात्री ऊस वाहणे हे तेथील नित्याचे दृश्य आहे. दोन पुढील दिवे प्रत्येकी ४५ वॅटचे, ट्रॅक्टरचे व ट्रॉल्यांचे मागील दिवे मिळून ३० वॅट, आणि ज्याच्याशिवाय उसाचा ट्रॅक्टर ओळखू येत नाही त्या टेपचे व ध्वनिवर्धकांचे किमान ४० वॅट धरले, तर एकूण भार १६० वॅट, अर्थात १३ अँपिअरहून थोडा अधिक होतो. रस्त्यावर इंजिन पूर्ण वेगात असेपर्यंत २२ अँपिअरचा डायनामो हा भार वाहून ८ अँपिअर शिल्लक टाकू शकतो. प्रश्न उद्भवतो तो कारखान्याच्या काट्यावर.

वजनकाट्यासमोर रांग असते. पुन्हा सुरू होईल की नाही या शंकेने चालक इंजिन बंद करीत नाही. पुढील दिवे विझवून मागील दिवे व टेप चालू ठेवले जातात. भार ७० वॅट, म्हणजे सुमारे ६ अँपिअर. आणि मंद गतीवर डायनामोचे उत्पन्न शून्य. रांगेत सहा तास गेले तर ३६ अँपिअर-तास खर्ची पडतात. जाण्यायेण्याच्या दोन तासांत जास्तीत जास्त १७ अँपिअर-तास जमा होतात, आणि भारणातील घट वजा जाता त्यांतले १५ च्या आसपास बॅटरीत राहतात. प्रत्येक रात्रीची तूट २१ अँपिअर-तासांची. दिवसा ट्रॅक्टर फडात ऊस भरण्यासाठी उभाच असतो, त्यामुळे ही तूट भरून निघत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री बॅटरी बसते. यात बॅटरीचा दोष नाही, डायनामोचाही नाही. कांदिवलीत किंवा इंग्लंडात हा डायनामो निवडणाऱ्या अभियंत्यासमोर दिवसा नांगरट करणारा ट्रॅक्टर होता, काट्यावर गाणी ऐकत उभा राहिलेला नव्हे.

बॅटरी बसू लागल्यावर चालक पहिली काटकसर करतो ती मागील दिव्यांत; पुढील दिव्यांवाचून त्याला दिसत नाही आणि टेपवाचून झोप येते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला अंधारातील उसाची ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. भारण-व्यवस्थेचा विचार केवळ यंत्रदुरुस्तीचा विषय राहत नाही तो या कारणाने. परावर्तक पट्ट्या लावणे आवश्यकच आहे, कारण त्यांना वीज लागत नाही. परंतु वळणावर मागील वाहनाचा झोत ट्रॉलीवर पडत नाही, तेथे दिवाच उपयोगी पडतो.

बॅटरीची प्रकृती

शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट असतो. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीच्या अवस्थेत १२.६ व्होल्टांच्या पुढे दाखविते. १२ व्होल्टांवर आली म्हणजे तिच्यातील बहुतांश शक्ती संपलेली असते. हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहणे हा अधिक विश्वसनीय मार्ग आहे, कारण त्यातून प्रत्येक कप्प्याची स्वतंत्र प्रकृती कळते. थंड देशांतील पुस्तकांत पूर्ण भरलेल्या बॅटरीसाठी १.२८० हा आकडा दिलेला असतो. उष्ण प्रदेशांसाठी मुद्दाम सौम्य आम्ल वापरतात व तेथे १.२४० च्या आसपासचा आकडा पूर्ण भारणाचा असू शकतो. हा भेद ध्यानात न घेतल्याने 'ॲसिड उतरले' असे निदान होऊन बॅटरीत आम्ल ओतले जाते. ही चूक फार महागात पडते. भारणाच्या वेळी बॅटरीतून जाते ते केवळ पाणी. आम्ल आतच राहते. उतरलेल्या बॅटरीचे आम्ल प्लेटांत सल्फेटच्या रूपाने गेलेले असते आणि भारण करताच ते परत येते. त्यात आणखी आम्ल घातल्यास भारणानंतर द्रावण अतितीव्र होऊन प्लेटा व विभाजक खाल्ले जातात. भरावयाचे ते डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांना घातक ठरतात.

बॅटरी अर्धवट उतरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर प्लेटांवरील सल्फेटचे कण कठीण होतात व नंतरच्या भारणाला दाद देत नाहीत. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीची आपोआप होणारी घट सुमारे दुप्पट होते. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी हिवाळ्यापेक्षा कितीतरी लवकर रिकामी होते. वापर नसलेल्या काळात महिन्यातून एकदा ती घरगुती चार्जरवर क्षमतेच्या एक-दशांश धारेने भरावी. भारणाच्या शेवटच्या टप्प्यात हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम बंद खोलीत करू नये, आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे काढू नयेत.

जोडण्यांविषयी एकच आकडा पुरेसा ठरावा. गंजलेल्या टर्मिनलचा रोध ओहमच्या एक-शतांश एवढा जरी असला तरी ३०० अँपिअरला तेथे ३ व्होल्ट गळतात आणि ९०० वॅट उष्णता निर्माण होते. सेल्फ 'टक' करून थांबतो, टर्मिनल चटका देते, आणि दुकानात नव्या बॅटरीचा सौदा ठरतो.

धन बाजू की ऋण बाजू?

जुन्या ब्रिटिश घडणीच्या ट्रॅक्टरांत बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडण्याची प्रथा होती. अर्वाचीन वाहनांत ऋण बाजू जोडतात. गावातील बॅटरी-दुकानात नवी बॅटरी सवयीने ऋण-अर्थिंगने बसविली जाते. ही उलटापालट लगेच लक्षात येत नाही. सेल्फच्या मोटरमध्ये क्षेत्र व आर्मेचर एकसरीत असल्याने दोहोंची दिशा एकदम उलटते आणि सेल्फ पूर्वीच्याच दिशेने फिरतो. दिव्यांनाही फरक पडत नाही. केवळ ॲमीटरचा काटा उलटा हलतो, तोही चालू असल्यास. मात्र डायनामोचे अवशिष्ट चुंबकत्व पूर्वीच्या दिशेचेच राहते. त्याचा दाब बॅटरीला विरोध करण्याऐवजी तिच्यात मिळतो, आणि कटआउट मिटताच प्रचंड धारा वाहून त्याचे स्पर्शबिंदू जळतात किंवा चिकटतात. यास्तव अर्थिंगची बाजू बदलल्यावर, तसेच डायनामो उघडल्यावर, त्याचे पुनर्चुंबकन करणे अनिवार्य आहे. इंजिन बंद ठेवून डायनामोच्या 'एफ' या लहान टर्मिनलवरील वायर काढावी आणि बॅटरीच्या अर्थिंग नसलेल्या बाजूची वायर त्या टर्मिनलला क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी पडते, काम झाले. पेटीकडील वायर जोडलेली ठेवून हा प्रयोग करू नये.

दोषनिदान

नवी बॅटरी घेण्यापूर्वी करावयाच्या तपासणीला साधा व्होल्टमीटर पुरतो. इंजिन वेगात असताना बॅटरीवर १४ ते १५ व्होल्ट मिळाले तर भारण योग्य आहे. १२.५ च्या वर आकडा हलत नसेल तर प्रथम पट्टा पाहावा. सैल पट्टा हेच सर्वांत स्वस्त व सर्वांत वारंवार आढळणारे कारण आहे. पट्टा ठीक असल्यास डायनामोवरील 'डी' व 'एफ' या दोन्ही वायरी काढून ते टर्मिनल एकमेकांस जोडावेत आणि तेथून सांगाड्यापर्यंतचा दाब मोजावा. इंजिनाचा वेग हळूहळू वाढविताना दाब सलग चढून २० व्होल्टांपर्यंत गेला तर डायनामो निर्दोष आहे व दोष पेटीत किंवा वायरिंगमध्ये शोधावा. वेग त्यापुढे वाढवू नये, कारण या स्थितीत डायनामोवर कोणतेही नियंत्रण नसते. दाब मुळीच दिसत नसेल तर ब्रश व कम्युटेटर तपासावेत. अर्धा ते एक व्होल्टच दिसला, तर तो अवशिष्ट चुंबकत्वाचा होय. प्रथम पुनर्चुंबकन करून पाहावे आणि तरीही तो तेवढाच राहिल्यास फील्ड-कॉइल संशयास्पद आहे. अपेक्षित दाबाच्या निम्माच मिळत असल्यास आर्मेचरमधील वेटोळे तुटलेले असण्याचा संभव असतो.

कम्युटेटर बारीक पॉलिश कागदाने साफ करता येतो. तांब्याच्या पट्ट्यांमधील अभ्रक वर आलेले असेल तर ते किंचित खोल कोरावे लागते. डायनामोच्या मागील टोकास तेल घालण्याचे एक छिद्र असते. त्यात इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब अधूनमधून पडले पाहिजेत. पिचकारीभर तेल घातल्यास ते कम्युटेटरवर उतरते आणि कार्बनच्या भुकटीशी मिसळून पट्ट्या एकमेकींशी जोडून टाकते.

अल्टरनेटर बसवावा काय?

अल्टरनेटरमध्ये क्षेत्र फिरते व वीज स्थिर वेटोळ्यांत निर्माण होते. फिरत्या भागातून केवळ क्षेत्राची दोन-तीन अँपिअर धारा जाते. त्यामुळे लहान पुली लावून तो कितीतरी अधिक वेगाने फिरविता येतो आणि इंजिनाच्या मंद गतीवरही तो पुरेसे भारण करतो. चेन्नईजवळ पाडी येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ल्युकास-टीव्हीएससारख्या उत्पादकांमुळे अल्टरनेटर भारतात सुलभ झाले. काट्यावर रात्र काढणाऱ्या ट्रॅक्टरला हा बदल निश्चितच हितावह आहे. उलट, केवळ दिवसा नांगरट व पेरणी करणाऱ्या ट्रॅक्टरवर चांगल्या स्थितीतील डायनामो काढून टाकण्याचे कारण दिसत नाही. ज्यांना ट्रॅक्टर मूळ स्वरूपात जतन करावयाचा आहे त्यांच्यापुढे तर हा प्रश्नच नाही.

बदल करताना तीन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. अर्थिंग ऋण बाजूचे करून घ्यावे, कारण बाजू चुकल्यास अल्टरनेटरमधील डायोड क्षणात जळतात. जुनी नियामक-पेटी मंडलातून संपूर्णपणे बाजूला काढावी. तसेच सूचक दिवा वगळू नये. बऱ्याच अल्टरनेटरांना जागे होण्यासाठी लागणारी पहिली धारा त्या लहानशा बल्बमधूनच मिळते. बल्ब उडाला की नवाकोरा अल्टरनेटरही भारण सुरू करीत नाही. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून 'भारण होते की नाही' हे पाहण्याची जुन्या कारागिरांची रीत डायनामोवरही अयोग्यच होती. अल्टरनेटरवर मात्र ती एका प्रयोगात डायोड घालवू शकते.